वाचनाची गोडी घरातच लागते

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होई. आज मूल शाळेत जाते, पण घरी त्याचे वाचन ऐकणारे कोणी नसते. जोतिबाच्या डोंगरावर खेट्यांना व चैत्र यात्रेत गुलाल-खोबऱ्याच्या दुकानांची धांदल असते. तरीही दुकानावरची पाटी, पुडीचा कागद मुलाकडून वाचून घेता येतो. आईला अक्षरओळख नसली तरी चालेल. तिने रोज दहा मिनिटे कौतुकाने ऐकावे. अडखळल्यास 'ढ' म्हणून हिणवू नये. भीतीने मूल पुस्तक टाळते. पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल तर दृष्टी तपासून घ्यावी. पालकहो, दंड गेला, जबाबदारी गेलेली नाही.