मोतीबिंदू नाही म्हणाले, मग काय आहे?

शिबिरातून परत पाठवलेल्या माणसांचं पुढं काय होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण घरात शुगरचा पेशंट असेल तर पूर्ण वाचा.

आमच्या मराठवाड्यात डोळ्याचं शिबिर म्हणजे मोतीबिंदूचं शिबिर. यात वाईट काही नाही. डॉ. तात्याराव लहानेंसारख्यांनी हे काम खेड्यापाड्यात नेलं, असंख्य म्हाताऱ्या माणसांना नजर परत मिळाली. देशात पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण आजही मोतीबिंदूच आहे आणि १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भरही त्यावरच राहिला. पण त्यामुळं आपल्या डोक्यात एकच आजार बसलाय. दिसेना झालं की घरात ठरलेलं वाक्य: "मोतीबिंदू असेल, पिकू दे, सुगी झाल्यावर काढू." मोतीबिंदू सुगीपर्यंत थांबतो हो. पडदा थांबत नाही.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूचं पातळ अस्तर. कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखं. त्याच्या पुढं डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो, जवळपास सगळं पाणीच. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात, त्यातून त्या जेलीत रक्त उतरतं किंवा जाळं धरून पडदा ओढला जातो. हे सगळं होताना दुखत नाही. लाल होत नाही. खाजत नाही. बरेचदा नजरही सुरुवातीला चांगली असते. म्हणूनच माणूस फसतो.

सुरुवातीला सापडलं तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन यावर बऱ्याचदा भागतं. पुढं गेलं की मग विट्रेक्टमी, म्हणजे लोक ज्याला 'पडद्याचं ऑपरेशन' म्हणतात ते. डोळा बाहेर काढून ठेवतात ही निव्वळ अफवा आहे, ती पसरवू नका. डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही लहान तीन छिद्रं पाडतात. एकातून द्रव सोडतात, एकातून उजेड आणि एकातून बारीक कटर. खराब झालेली जेली नि रक्त काढतात, जाळं सोडवतात, लेझर देतात. गरज असेल तर पडदा जागेवर दाबून ठेवायला गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. बहुतेक मोठ्या माणसांना डोळ्यापाशी इंजेक्शनानं भूल देऊन हे होतं. अमेरिकेत रॉबर्ट माखमर नावाच्या डॉक्टरनं १९७० च्या सुमारास ही पद्धत आणली. म्हणजे पन्नास वर्षं झाली. नवं काही नाही, फक्त आपल्या तालुक्यापर्यंत आलेलं नाही.

आमच्या मामांचं सांगतो. पंधरा वर्षांची शुगर, गोळी आठवली तर घेणार. शिबिरात त्यांना सांगितलं, मोतीबिंदू नाही, पडद्याचं आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा. हातात चिठ्ठी. मामांनी त्यातलं "मोतीबिंदू नाही" एवढंच ऐकलं आणि खुशीत घरी आले. समोर शंभर माणसांची रांग, तपासणाऱ्याला बोलायला वेळ कुठं. चार महिन्यांनी एका डोळ्यापुढं काळोख आला, तेव्हा धावपळ झाली. रेल्वेची सोय म्हणून हैदराबाद गाठलं. ऑपरेशन झालं, तेल भरलं, आठवडाभर पालथं झोपायला सांगितलं. आता त्या डोळ्यानं त्यांना माणूस समोर आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही.

इथं एक कानात ठेवा. हे तेल कायमचं नसतं, सहसा काही महिन्यांनी काढावं लागतं. तसंच राहिलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो, बुबुळही खराब होऊ शकतं. पण दुसरी खेप म्हणजे परत तिकीट, परत सोबतीचा माणूस, परत बुडालेली मजुरी. "आता बरंय" म्हणून माणसं जातच नाहीत. आणि मग गावात बोलबाला होतो, ऑपरेशननं डोळा घालवला. गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद, आणि उंच घाट चढायचा तरी डॉक्टरांना विचारून. ऑपरेशननंतर पुढं मोतीबिंदू लवकर येतो, तेही आधीच माहीत असावं.

आता मुद्द्याचं. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले. सगळ्यांचा पडदा खराब होत नाही, पण वर्षातून एकदा तपासणी सगळ्यांची हवी. सरकार तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासतं, आशाताई घरोघर फॉर्म भरतात. चांगलं आहे. पण शुगर निघालेल्या माणसाचा डोळा कोण बघतो? थेंब टाकून बाहुली मोठी करणं आणि पडद्याचा फोटो काढणं, यासाठी सर्जन लागत नाही. एक कॅमेरा, तो चालवणारा प्रशिक्षित माणूस, आणि फोटो बघणारा तज्ज्ञ जिल्ह्यात नाहीतर पुण्या-मुंबईत कुठंही बसलेला चालेल. ज्या दिवशी शुगरच्या गोळ्या वाटतात त्याच दिवशी, त्याच ओळीत हे व्हायला हवं. माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावलं की तो येत नाही, हे आरोग्य खात्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आयुष्मान भारतच्या यादीत पडद्याची शस्त्रक्रिया आहे. पण यादीत असणं वेगळं आणि आपल्या जिल्ह्यात ती करणारं रुग्णालय असणं वेगळं. कार्ड खिशात ठेवून माणूस दुसऱ्या राज्यात उधारीवर ऑपरेशन करतो, याला योजना पोचली असं मी तरी म्हणणार नाही.

आणि शुगर नसलेल्यांनीही ऐका. डोळ्यापुढं अचानक पुष्कळ काळे ठिपके तरंगायला लागले, अंधारात वीज चमकल्यासारखं वाटलं किंवा बाजूनं पडदा ओढल्यासारखं झालं, तर पडदा फाटलेला किंवा सुटलेला असू शकतो. मोठ्या उणे नंबरचा चष्मा असणारे, डोळ्याला मार लागलेले, यांनी जास्त जपायचं. त्याच दिवशी दाखवा. मधली नजर शाबूत असताना ऑपरेशन झालं तर ती वाचण्याची आशा मोठी. इथं दिवस मोजायचे असतात, महिने नाही.

मी या आठवड्यात माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. जिल्ह्यातल्या किती ग्रामीण रुग्णालयांत पडद्याचा फोटो काढणारा चालू कॅमेरा आहे? गेल्या वर्षी शिबिरांतून "पडद्याचं आहे" म्हणून किती जणांना पुढं पाठवलं? आणि त्यातले किती जण पोचले? तुमच्या तालुक्याची माहिती असेल तर खाली लिहा, उत्तर आलं की इथंच टाकतो.