नाली कुठे जाते?



नगरपालिकेची निवडणूक आली की आपल्याकडे रस्ता, नळ आणि पथदिवे यांचीच चर्चा होते. नाली तुंबली तर पार्षदाला निरोप जातो. ती वाहती झाली की विषय संपतो. वाहून ती कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते आता हाच प्रश्न विचारला पाहिजे.

बालाघाटचा उतार शेवटी वैनगंगेकडेच आहे. सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावलेली ही नदी आपल्यानंतर भंडाऱ्याला, पवनीला जाते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. १९५६ साली नागपूर एका राज्यात गेले, आपण दुसऱ्या राज्यात राहिलो. नदीची मात्र वाटणी झाली नाही. आपल्या लेकी ज्या गावांत दिल्या, ती याच पाण्यावर जगतात. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे गोसीखुर्द धरणात घाण आणते, अशी तक्रार आपण करतो. ती योग्यच आहे. पण वरच्या अंगाला राहणाऱ्याने आधी आपले अंगण पाहावे.

हिशेब साधा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी, हा सरकारी निकष लावला तर रोजचे सुमारे ९० लाख लिटर होते. पुरवठा निम्मा धरला तरी आकडा लहान नाही. सेप्टिक टँक आहे म्हणून आपण सुटलो, असेही नाही. टाकीत गाळ बसतो, पण वरचे पाणी बहुधा नालीतच जाते. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. आपल्या जुन्या वाड्यांतल्या किती टाक्या वेळेवर उपसल्या जातात, हे ज्याचे त्याने आठवावे.

कायद्याची उणीव नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीकरण केंद्रे तीन वर्षांत उभारण्यास सांगितले आणि चालवण्याचा खर्च वापरणाऱ्यांकडून उपकर घेऊन भागवावा, असेही म्हटले. तरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते जेमतेम २०,२३५. म्हणजे बांधलेली केंद्रेही पूर्ण चालत नाहीत. कर्ज काढून घर बांधावे आणि विजेचे बिल भरायला पैसे ठेवू नयेत, तसा हा प्रकार. केंद्राचे उद्घाटन होते. पंप, वीज आणि कुशल माणूस यांची तरतूद मागे राहते.

म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो आपल्या समाजाचा असला तरी, तीन गोष्टी विचाराव्यात. शहरातील किती घरांचे सांडपाणी शुद्ध होते? टाक्यांतून उपसलेला गाळ कुठे टाकला जातो? आणि केंद्र चालवण्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवणार?

चौथा प्रश्न आपल्याला आहे. घरजोडणी आली तर ती घेऊ का, आणि त्याचा कर वेळेवर भरू का? जुनी, स्थिरावलेली घरे म्हणून या शहरात आपला मान आहे. पहिली पावती आपल्या घरची फाटली, तर इतरांना सांगण्याचा अधिकारही आपल्याला राहील.