विळीमागचा माणूस

शारजातल्या रोल्ला भागातल्या मराठी घराला गावाहून विळी आणायची तर ती चेक-इन बॅगेतच आणावी लागते.

गावात मात्र ती घडवणारा माणूस समोरच असे. बलुतेदारीत लोहार वर्षभर विळे-खुरपी पाजवी आणि सुगीला धान्य घेई. पातं बोथट झालं तर जाब त्याच्याच दारात विचारता येई. आजही घिसाडी कुटुंबं आठवडी बाजारात भाता लावतात. नवरा तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, बायको घण घालते. गिऱ्हाईक समोर उभं राहून वाक आणि मूठ सांगतं, आपल्यादेखत पात्याला पाणी चढताना पाहतं. सुपरमार्केटच्या सुरीला हे भाग्य नाही.

तरी घासाघीस याच कारागिराशी होते, हा अन्याय आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा विळी त्याच्याकडूनच घ्या आणि सांगेल ती किंमत द्या.