रंग गेला, मीठ राहिले

कापड रंगवून झालेले पाणी लाल, निळे किंवा काळे असते, म्हणून ते लोकांना लगेच दिसते. इचलकरंजीत पंचगंगेला मिळणाऱ्या ओढ्याचे नावच काळा ओढा आहे. डोळ्यांना खुपणारा हा रंग घालवणे, हेच वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यावरील संशोधनाचे पहिले आणि पुष्कळदा शेवटचे उद्दिष्ट ठरले. पृष्ठभागात बदल केलेल्या मेंब्रेनवरचे शोधनिबंध पाहिले तरी निष्कर्षाच्या जागी बहुधा एकच आकडा असतो: रंग 98 टक्के गेला, 99 टक्के गेला. हे आकडे खोटे नाहीत. पण ज्या प्रश्नाचे ते उत्तर आहेत, तो प्रश्नच अपुरा आहे. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातल्या रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी तरी तो बदलून घेतला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आत्ता म्हणण्याला कारण आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान उभे राहायचे आहे. 1000 एकरांच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात झाले. आजवर वऱ्हाडाने कापूस पिकवला, सरकी काढली आणि गाठी बाहेर धाडल्या. रंगाई बहुतेक दुसरीकडे झाली आणि तिचे पाणीही दुसऱ्यांच्या नद्यांत गेले. आता कापसापासून कपड्यापर्यंतची सगळी कामे इथेच व्हावीत असे ठरले आहे, तेव्हा रंगाईही इथेच होणार. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावाला नांदगाव पेठेचे पाणी येणार नाही, कारण अनसिंग पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. परंतु अनसिंगच्या शिवारात जी काळी माती आहे, तीच अमरावतीकडेही आहे, आणि रंगाईच्या पाण्याने या मातीचे काय होईल हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. त्या प्रश्नाचे उत्तर रंगापेक्षा मिठात अधिक आहे.

सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर मीठ लागतेच. पाण्यात कापसाच्या धाग्यावर ऋण भार येतो, रंगाचा रेणूही ऋण भाराचा असतो, आणि दोघे एकमेकांना लोटतात. मीठ घातले की हे लोटणे कमी होते आणि रंग धाग्याकडे सरकतो. एक किलो कापडाला आठ लिटर पाणी आणि लिटरमागे 60 ग्रॅम मीठ असा गडद छटेचा हिशेब धरला, तर 480 ग्रॅम मीठ झाले. रंगाचा मोठा भाग कापडात राहतो, मीठ मात्र जवळपास सगळे बाहेर जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये वस्त्रोद्योगासाठी अधिसूचित केलेल्या मानकांत रंगाला 150 प्लॅटिनम-कोबाल्ट एककांची आणि विरघळलेल्या क्षारांना लिटरमागे 2100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. वरचे 480 ग्रॅम मीठ केवळ पाणी मिसळून त्या मर्यादेत बसवायचे म्हटले, तर किलोभर कापडामागे सुमारे 230 लिटर शुद्ध पाणी लागेल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशात हा विचारही करता येत नाही. त्यामानाने रंग घालवणे सोपे आहे. हायपोक्लोराइटने पाणी फिके होते. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू ॲझो बंध तोडतात तेव्हाही रंग नाहीसा होतो, पण ॲरोमॅटिक अमाइन मागे राहतात. जर्मनीने 1994 मध्ये आणि भारताने 1997 मध्ये अनेक ॲझो रंगांवर बंदी आणली, ती याच गटातल्या कर्करोगकारक अमाइनांमुळे. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्धोक झाले, हे समीकरण म्हणून दोन्ही बाजूंनी चुकते.

सोडियमने काळ्या मातीचे काय होते, हे वऱ्हाडाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा समोर आहे. तिथली क्षारता निसर्गाची आहे, कारखान्याची नव्हे, पण तिची प्रक्रिया तीच. काळ्या मातीतल्या फुगणाऱ्या चिकणकणांवर कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे बुजतात, पाणी खाली मुरत नाही, आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत काही पावसाळ्यांनी मीठ धुऊन जाण्याची आशा असते. भारी काळ्या जमिनीत निचराच बंद होतो, म्हणून मीठ धुऊन काढायचा मार्गही बंद होतो.

या जागी मेंब्रेनची खरी उपयुक्तता दिसते. नॅनोफिल्ट्रेशनच्या मेंब्रेनची छिद्रे साधारण एक नॅनोमीटरच्या मापाची असतात. रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगाचे रेणुवस्तुमान सुमारे 992 आहे आणि साध्या मिठाचे 58.5. इतका फरक असेल तर रंग अडवून मीठ जाऊ देणारी, किंचित सैल विणीची मेंब्रेन करता आली पाहिजे, आणि ती करता येते. पॉलिइथरसल्फोनवर पॉलिडोपामिनचा लेप, कायटोसॅनचा थर, ग्राफीन ऑक्साइडचे पापुद्रे किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण हे सगळे बदल छिद्र, भार आणि पाण्याची ओढ या तीन गोष्टी हव्या तशा जुळवण्यासाठी असतात. अशा मेंब्रेनमधून पलीकडे येते ते रंगहीन खारे पाणी. कडकपणा आणि सामू तपासून ते पुढच्या रंगकुंडात पुन्हा वापरता येते, म्हणजे तितके नवे मीठ विकत घ्यायला नको आणि ते मातीतही जायला नको. एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. काही कारखाने साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, वापरतात. सल्फेटवर दुहेरी ऋण भार असल्याने ऋणभारित मेंब्रेन त्याला रंगाबरोबरच अडवते. कुंडात कोणते मीठ आहे हे न विचारता मेंब्रेन तयार केली, तर प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेली वस्तू कारखान्यात उपयोगी पडत नाही.

आणि नेमके हेच विचारले जात नाही, ही आमची तक्रार आहे. बहुतेक प्रयोग ऊर्ध्वपातित पाण्यात एकच रंग विरघळवून होतात, आणि तो रंग बहुधा मिथिलीन ब्ल्यू किंवा काँगो रेड असतो. मिथिलीन ब्ल्यू धन भाराचा आहे. ऋणभारित मेंब्रेनवर तो नुसता चिकटतो, आणि पृष्ठभाग भरेपर्यंत पलीकडचे पाणी स्वच्छ दिसते. तासाभराच्या प्रयोगात हे चिकटणे गाळणे म्हणून नोंदले जाते. काँगो रेडचे रेणू पाण्यात एकत्र येऊन मोठे पुंजके करतात, त्यामुळे तो अडवणे मुळातच सोपे. सुती रंगाईतले पाणी याहून फार वेगळे असते. त्यात जलविघटन झालेला रिॲक्टिव्ह रंग, भरपूर मीठ, सोडा ॲश, कांजी, साबण आणि धाग्यांचा कचरा असतो, शिवाय ते गरम असते. मिठामुळे मेंब्रेनवरचा भार झाकला जातो आणि भारावर आधारलेला अडथळा कमजोर होतो. म्हणजे जो गुण मिळवायला पृष्ठभागात बदल केला, तोच खऱ्या पाण्यात कमी पडू शकतो.

यावर काही रास्त आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. छोट्या प्रोसेस हाऊसला मेंब्रेन परवडणार कशी? सगळे सांडपाणी एकत्र करून शेवटी गाळायचे ठरवले तर खरेच परवडणार नाही. पण मिठाचा मोठा भाग पहिल्या रंगकुंडाच्या पाण्यातच असतो, आणि ते एकूण पाण्याच्या मानाने थोडे असते. ती धार नळापासूनच वेगळी काढली, तर लहानशी मेंब्रेन पुरते. दुसरा आक्षेप असा की तिरुप्पूरने मार्ग दाखवलाच आहे. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावल्यानंतर रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवन यांच्या जोरावर शून्य विसर्गाची व्यवस्था उभी राहिली. तिचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र उष्णता परत न वापरता एक घनमीटर पाणी आटवायचे तर सुप्त उष्णतेपोटीच 600 हून अधिक युनिट ऊर्जा जाते. अनेक टप्प्यांच्या बाष्पित्राने ती बरीच वाचते, तरी आटवण्याचे पाणी आधीच कमी करणे केव्हाही स्वस्त. तिसरा उपाय आपल्याकडे हमखास सुचवला जातो: पऱ्हाटीचा कोळसा करून त्यावर रंग शोषून घ्यावा. पऱ्हाटी मुबलक आहे आणि कल्पना वाईट नाही, पण त्याने मीठ जागचे हलत नाही, आणि रंगाने भरलेला कोळसा टाकायचा कुठे हे ठरवावेच लागते.

हाच प्रश्न मेंब्रेनलाही विचारला पाहिजे. मेंब्रेन रंग नष्ट करत नाही, गोळा करते. शंभर लिटरांतले नव्वद लिटर पलीकडे गेले, तर उरलेल्या दहा लिटरांत रंग जवळपास दहापट दाट होतो. तो ओझोनने तोडणार, आटवून घनकचरा म्हणून योग्य जागी पाठवणार की आणखी काही करणार, हे न सांगणारा निबंध अर्धाच आहे. लहान गावातल्या महाविद्यालयात हे सगळे कुठून मोजणार, असे म्हणणाऱ्यांना सांगावेसे वाटते की लागणारी बहुतेक साधने पदवीच्या प्रयोगशाळेत असतातच. रंगासाठी कलरीमीटर, क्षारांसाठी वाहकतामापक, आणि पलीकडे आलेल्या नितळ पाण्यातल्या क्लोराइडसाठी ब्यूरेट आणि सिल्व्हर नायट्रेट. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे बाहेरून मागवावी लागतात, ही तीन निरीक्षणे नाहीत.

यापुढे या विषयावरचा लेख आमच्याकडे पाठवताना रंगाच्या टक्क्यांबरोबर एवढे जरूर लिहा: पाणी कोणत्या कुंडातले होते, त्यात कोणते मीठ किती होते, सलग किती दिवस मेंब्रेन चालली, आणि तिच्या अलीकडे उरलेल्या दाट पाण्याचे तुम्ही काय केले.