लोहाची गोळी हाती पडते, पोटात जात नाही

रक्तक्षयाच्या प्रतिबंधासाठी केंद्र सरकारने १९७० मध्ये लोहाच्या गोळ्यांची योजना सुरू केली; २०१८ मध्ये तिला ‘ॲनिमियामुक्त भारत’ अभियानाची जोड मिळाली. तरीही १५ ते ४९ वर्षे वयोगटातील रक्तक्षयग्रस्त महिलांचे प्रमाण २०१५-१६ मधील ५३ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५७ टक्क्यांवर गेल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. गर्भवतींनी १८० दिवस रोज एक गोळी घेणे अपेक्षित असताना, तेवढे दिवस ती घेणाऱ्या माता केवळ २६ टक्के होत्या.

मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळसर शौच यांमुळे गोळी अनेकदा मध्येच सोडली जाते. शौचाचा हा रंग निरुपद्रवी असतो, तसेच गोळीसोबत चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते, एवढे समजावून सांगण्यास गोळीइतकाही खर्च येत नाही.