घरचा धंदा, फुकटचा वेळ

घरी बसून चालविलेल्या उद्योगाचे आपल्याकडे मोठे कौतुक आहे. गाळ्याचे भाडे वाचते, जाण्यायेण्याचा खर्च वाचतो आणि मुलाबाळांकडे लक्षही राहते, असे त्याचे तीन लाभ नेहमी सांगितले जातात. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव लागते. एके काळचे हे खेडे आता शहरात सामावले आहे. शहराच्या कडेला वाढलेल्या अशा वसाहतींत घरांच्या फाटकांवर ‘पिको-फॉल करून मिळेल’, ‘शिकवणी वर्ग’, ‘घरगुती डबे मिळतील’ अशा पाट्या दिसतात. शाळेची फी, औषधे, कर्जाचा हप्ता यांची तोंडमिळवणी अनेक कुटुंबांत याच पाट्यांच्या आधारे होत असते. म्हणूनच या उद्योगाचा हिशेब नीट मांडला गेला पाहिजे. तो मांडू लागल्यास तिसरा लाभ पहिल्या दोन्ही लाभांना गिळून टाकतो, असे आढळून येते.

शिलाईचे काम करणाऱ्या एखाद्या गृहिणीचा दिवस विचारात घ्यावा. कापडावर खडूने आखणी करून ती कात्री हाती घेते, तोच गॅसचा सिलिंडर दारात येतो. तो उतरवून घ्यावा, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या चहाची वेळ झालेली असते. मग शेजारीण विरजण मागावयास येते आणि घटकाभर बसते. त्यातून तो नळाला पाणी येण्याचा दिवस असेल, तर विचारावयासच नको. पैठणच्या नाथसागरातून पाणी घेणाऱ्या या शहराने पाण्याच्या दोन पाळ्यांमधील कित्येक दिवसांचे अंतर वर्षानुवर्षे सोसले आहे. पाणी आले की शिलाईचे यंत्र थांबते आणि पिंपे भरेपर्यंत ते थांबलेलेच राहते.

यात गेलेला वेळ केवळ चहाचा किंवा पाणी भरण्याचा नसतो. अॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात श्रमविभागणीचे फायदे सांगताना एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना वाया जाणाऱ्या वेळेचा मुद्दाम उल्लेख केला आहे. शेती करणाऱ्या खेड्यातील विणकराचा बराच वेळ माग आणि शेत यांच्यामधील ये-जा करण्यात जातो. पण दोन्ही कामे एकाच छपराखाली असली तरीही हे नुकसान लहान नसते, असे त्याचे निरीक्षण होते. उठलेल्या माणसाचे मन पुन्हा कामात बसावयास वेळ लागतो. पडेगावातील शिलाई यंत्रालाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

आकड्यांत सांगावयाचे तर असे समजू या की, चार तासांच्या कामाचे २४० रुपये मिळतात, पण व्यत्ययांमुळे त्याच कामाला सहा तास लागतात. म्हणजे तासाची मिळकत ६० रुपयांवरून ४० वर आली. तेच सहा तास सलग मिळाले असते तर ३६० रुपये हाती आले असते. रोजचे हे १२० रुपये महिन्याच्या २५ दिवसांत ३,००० होतात. वाचले असे समजले जाणारे गाळ्याचे भाडे प्रत्यक्षात असे वेळेच्या रूपाने वसूल होत असते. ते कोणत्याही वहीत लिहिले जात नाही आणि ते घेणाऱ्यालाही आपण ते घेतो आहोत याची जाणीव नसते.

ही जाणीव का नसते? ज्या वस्तूला किंमत नाही ती सढळ हाताने वापरली जाते, हे अर्थशास्त्रातील पहिल्या धड्यांपैकी एक. घरातील स्त्रीच्या वेळेला समाजाने किंमत दिलेली नाही. वकिलाने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत कचेरी थाटली तर तो पक्षकारांशी बोलत असताना मुले पावले न वाजविता जातात. त्याच खोलीत त्याच्या पत्नीने शिकवणी घेतली, तर ‘जरा उठतेस का?’ हा प्रश्न कोणालाही गैर वाटत नाही. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेने २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला खरा; पण तो पुरुषाने उचलला नाही, हेही त्यातून उघड होते.

घर म्हणजे कारखाना नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो रास्त आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला ‘कामाची वेळ संपू दे’ असे कोणी सांगू शकत नाही. ज्यांचा सारा संसार एका खोलीत आहे, त्यांना दार लावून काम करण्याचा उपदेशही व्यर्थ होय. परंतु महाराष्ट्रात अशाच लहान घरांतून मोठे उद्योग उभे राहिले, आणि त्यांनी हा प्रश्न उपदेशाने सोडविला नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’ने कामाची मार्मिक वाटणी केली. पीठ मळणे, पापड तपासणे व बांधणे ही कामे शाखेत ठेवली. लाटण्याचे काम तेवढे घरी दिले. लाटणे मध्येच सोडून उठता येते आणि पुन्हा धरता येते. गिरणगावातील खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांचे उदाहरण वेगळे आहे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा’मध्ये संघटित केलेल्या या स्त्रियांचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता. पाळी सुटली की कामगारांची पाने मांडावीच लागत, आणि ते साऱ्या घराला ठाऊक असे.

या दोन उदाहरणांत उपायही सापडतो. कामांपैकी कोणते मोडता येते आणि कोणते नाही, हे आधी ठरवावे. कापड बेतणे, हिशेब, गिऱ्हाइकाशी बोलणी यांसाठी दिवसातील दोन तास राखून ठेवावेत, ती वेळ दारावरील पाटीवर लिहावी आणि घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी त्या वेळेपुरते दार आणि चूल सांभाळावी. शिलाईचा दर ठरविताना मोडलेले तासही मोजावेत. महानगरपालिकेने पाण्याची वेळ आधी जाहीर करून ती पाळावी. तेवढ्यानेही अनेक यंत्रे सलग चालतील. वस्तीतील समाजमंदिरे दुपारी रिकामी असतील, तर ती बचत गटांना कामासाठी देण्यास हरकत नसावी. २०१५ पासून मुद्रा योजनेतून लहान उद्योगांना भांडवल मिळू लागले आहे. परंतु कर्जाने घेतलेले यंत्र दिवसातून दहादा बंद पडत असेल, तर हप्ता कशातून फिटावयाचा? भांडवलाची सोय सरकारने आणि बँकांनी करावी. सलग तासांची सोय मात्र प्रथम घरानेच केली पाहिजे.