माहिती हाही उपचारच

ज्या व्याधीत रुग्णाची वाचा, स्मृती, विवेक आणि स्वभाव यांवरच घाला पडतो, त्या व्याधीत रुग्णाने स्वतः चार ठिकाणी चौकशी करावी, दाखले जमवावेत आणि आपल्या हिताचा निर्णय आपणच घ्यावा अशी अपेक्षा धरणारी व्यवस्था कितीही सद्धेतूने चालविलेली असली, तरी ती अपुरीच म्हटली पाहिजे. मेंदूतील गाठ ही अशी व्याधी आहे. तिच्याविषयीच्या जागृतीसाठी ८ जून हा दिवस जगभर पाळला जातो. लाइपझिग येथील एका जर्मन रुग्णसाहाय्य संस्थेने २००० साली सुरू केलेल्या या प्रथेचे आपल्याकडेही अनुकरण होते, पण व्याख्याने आणि फलक यांपलीकडे ते क्वचितच जाते.

अज्ञानाची किंमत निदानाच्या आधीपासूनच मोजावी लागते. मेंदूच्या पुढील भागात गाठ वाढू लागली म्हणजे शांत स्वभावाचा मनुष्य चिडखोर किंवा उदासीन होतो, व्यवहारी माणसाचा हिशेब चुकू लागतो, आणि घरचे लोक ते व्यसन समजतात, आळस समजतात, नाही तर बाहेरची बाधा मानून देवऋष्याकडे जातात. आकडी आली की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची धावपळ होते. वास्तविक रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे, एवढे साधे ज्ञान त्या क्षणी पुरेसे असते.

निदानानंतर तर संभ्रम अधिकच वाढतो. या गाठींचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत. मेंदूच्या आवरणांतून उद्भवणारा मेनिन्जिओमा बहुधा सौम्य असतो व पुष्कळदा शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो. उलट ग्लिओब्लास्टोमा हा अत्यंत आक्रमक असून, शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे किरणोपचार आणि त्यासोबत टेमोझोलोमाइड हे औषध, ही २००५ पासून रूढ झालेली उपचारपद्धती अवलंबूनही तो बहुतेकदा परततो. या दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या घरची माणसे मात्र ‘ब्रेन ट्यूमर’ हे दोनच शब्द घेऊन बाहेर पडतात. एक घर विनाकारण हवालदिल होते, आणि दुसऱ्याला हाती असलेला काळ कशासाठी राखावा याची कल्पनाही येत नाही. मेंदूची सूज उतरविणारी स्टेरॉइडे एकाएकी बंद केल्यास अपाय होतो, त्यांनी भूक, झोप, रक्तशर्करा व मनःस्थिती बदलते, आकडीची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नसते, या गोष्टी औषधचिठ्ठीवरील घाईच्या अक्षरांतून कोणाला कळणार?

साहाय्याची साधने अजिबात नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी शासकीय योजना शस्त्रक्रियेच्या खर्चाचा मोठा भार उचलते. मुंबईत परळला १९४१ पासून कर्करोगाचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. त्याच्या आसऱ्याने येणाऱ्यांसाठी नाना पालकर स्मृती समितीसारखी सेवाभावी संस्था आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे. मेंदूतील गाठींच्या रुग्णांसाठीच काम करणारी ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईत आहे. परंतु गडचिरोली किंवा नंदुरबारहून सहा आठवड्यांच्या किरणोपचारासाठी आलेल्या कुटुंबाला यांतले काय ठाऊक असते? बहुधा त्याला ते रांगेतील शेजाऱ्याकडून, आणि तेही पैसे व धीर दोन्ही संपत आल्यावर, समजते. साधनांचा लाभ असा योगायोगावर सोडणे हे त्या साधनांचेही अवमूल्यन आहे.

अशी माहिती दिल्याने रुग्ण घाबरतो, असा आक्षेप घेतला जातो, आणि ‘त्यांना काही सांगू नका’ ही नातेवाइकांची विनवणी तर प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. या विनवणीमागील माया खरी असली, तरी वाचा किंवा विवेक जाण्यापूर्वी आपली इच्छा सांगण्याची संधी रुग्णाला मिळाली नाही, तर ती पुन्हा मिळत नाही. किती सांगावे आणि केव्हा, हे त्याच्याच कलाने ठरावे. वैद्यांना वेळ नाही ही तक्रारही रास्त आहे, पण म्हणूनच हे काम त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नये.

योजनेतील रुग्णालयांत कागदपत्रांच्या साहाय्यासाठी ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतोच. त्याच्या जोडीला एक प्रशिक्षित परिचारिका वा समाजसेवक नेमावा, गाठीचा प्रकार, औषधे, धोक्याची लक्षणे, पुढील तपासणी आणि साहाय्यक संस्था यांची सोप्या मराठीतील पुस्तिका कुटुंबाला समजावून द्यावी, आणि जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एकदा रुग्ण व शुश्रूषा करणारे यांची बैठक भरवावी. याला नवे इस्पितळ लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. लागते ती केवळ सक्तीची तरतूद. शस्त्रक्रियेचे देयक मंजूर करताना शासन शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या तपासण्यांचे पुरावे मागते. त्यांच्याच बरोबरीने, ही माहिती मिळाल्याची कुटुंबाची सही असल्याखेरीज देयक मंजूर होणार नाही, एवढी एक अट घालावी.